ओलें कापड आणि सिलिकोनची वाटी

तोरण्याच्या पायथ्याशीं, वेल्ह्यास, आषाढांत अंगणांतलें धोतरही चार दिवस वाळत नाहीं. मग माळ्यावर लुगड्याखालीं दडवून टाकलेलें ऋतुकाळाचें कापड कोठून वाळणार? तेंच ओलसर पुन्हां घ्यावें लागे. वरच्या वर्गांतील मुली महिन्याकाठीं तीन दिवस येत नसत, आणि मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळा होत असें. कारण कधीं विचारलें नाहीं.

यावर एक उपाय म्हणजे सिलिकोनची लहानशी वाटी. लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीनें १९३७ सालींच रबरी वाटीचें पेटंट घेतलें होतें. वाटी दुमडून योनिमार्गांत बसवावयाची. बारा तासांच्या आंत काढून, धुवून पुन्हां बसवावयाची. काढतांना नुसता देंठ ओढूं नये; बूड चिमटींत दाबलें म्हणजे हवा शिरून ती सैल होते. बाळंतपण न झालेलीस बहुधा लहान माप लागतें. गर्भाशयाचें मुख खालीं असेल तर आंखूड वाटी घ्यावी. तांबी बसविलेली असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. संवय होण्यास दोन-तीन महिने जातात. पहिल्याच खेपेस कंटाळूं नये.

एकच वाटी कित्येक वर्षें चालते. मात्र पाळी संपली कीं ती पांच मिनिटें उकळली पाहिजे. त्यासाठीं निराळें पातेलें ठेवावें, आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तें चुलीवर उघडपणें चढूं द्यावें.