बोट लागते तेव्हा

आपल्या मराठीत ‘लागणं’ हे क्रियापद फार कामाचं आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नजर लागते, एखाद्याला कवितेचं वेडही लागतं. तशीच बोटही लागते आणि ती दोन प्रकारांनी लागते. धक्क्याला लागली की माणसं खाली उतरतात. माणसाला लागली की पोटातलं वर येतं. इंग्रजीत मळमळीला ‘नॉशिया’ म्हणतात, तो शब्दही मुळात ग्रीक भाषेतल्या जहाजावरून आलेला आहे. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि सगळ्यांचं आहे.

हल्ली क्रूझवर जाणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कुणी सिंगापूरला जाऊन तिथून पुढे. जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो, जेवणाची टेबलं असतात. बोट लागण्याविषयी कुणी बोलत नाही. ज्याला लागते तोही बोलत नाही, कारण त्याला लाज वाटते. त्या लाजेबद्दलच मला आज बोलायचं आहे.

माझे अब्बा सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात ऑइलमन होते. दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात निम्म्या घरांतले पुरुष दर्यावर असायचे. अब्बा आठ-दहा महिन्यांनी घरी येत. पहिल्या रात्री ते पलंगाचा दांडा धरून झोपायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘जमीन हलते रे.’ मला वाटायचं, थट्टा करतात. जहाजावरून उतरल्यावरही काही काळ शरीर हेलकावे खात राहतं, हे मला फार पुढे कळलं.

सप्टेंबर 2004 मध्ये मी अलिबागला एका कविसंमेलनाला निघालो होतो. पावसाळ्यात बंद असलेल्या मांडव्याच्या लाँच नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि समुद्र अजून शांत झाला नव्हता. गेटवेवर मी भरपेट नाश्ता केला, लाँचमध्ये खाली कोपऱ्यातली जागा धरली आणि आपल्याच कवितांची वही वाचत बसलो. चूक म्हणून जे जे करता येतं, ते सगळं मी अर्ध्या तासात केलं. मांडवा आलं तेव्हा कुर्ता बघवत नव्हता. त्याच कुर्त्यावर शाल घेऊन मी दोन कविता म्हटल्या. (टाळ्या बऱ्या पडल्या.)

घरी आल्यावर हा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे हसले, अब्बा हसले नाहीत. रात्री ओटीवर दोघंच असताना ते म्हणाले, ‘मला दर खेपेला लागायची. पहिले तीन दिवस. सत्तावीस वर्षं.’ बादली शेजारी ठेवून त्यांनी काम केलं होतं. वरिष्ठांना कळलं तर पुढच्या खेपेला बोलावणार नाहीत, ही भीती. गावात कळलं तर खलाशाच्या घराण्याची शोभा होईल, ही दुसरी. सुटीत घरी आलं की शरीर सवय विसरायचं आणि पुढच्या जहाजावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं की इंग्रजांचा एवढा मोठा दर्यासारंग नेल्सन, त्यालाही बोट लागायची. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी पाच वर्षं ‘बीगल’ जहाजावरून फिरला आणि शेवटपर्यंत त्याला ही व्याधी पुरली. मनुकांखेरीज काही पोटात ठरत नाही असं त्याला आढळलं होतं. यांच्यात हिंमत कमी होती असं कोण म्हणेल?

हिंमतीचा इथं संबंधच नाही. आपल्या कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, तोल सांभाळणारी एक यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव, आणि बाजूला सूक्ष्म खड्यांचा थर असलेल्या दोन पिशव्या. डोकं हललं की ती मेंदूला कळवते. जहाजाच्या खोलीत कान सांगतो, हलतोय. डोळा समोरची भिंत बघून सांगतो, सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि जांभया, थंड घाम, तोंडाला पाणी, उमासे अशी रांग लागते. ज्यांची ही आतली यंत्रणाच निकामी असते त्यांना बोट लागत नाही. म्हणजे बोट लागणं हे कान शाबूत असल्याचं लक्षण आहे. सगळ्यात वाईट असतो तो पाच-सहा सेकंदांत एकदा येणारा संथ हेलकावा. मोठ्या जहाजांचा हेलकावा नेमका त्याच्या आसपासचा असतो. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो, त्यापुढच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सगळ्यात जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा अधिक, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना हमखास म्हणावा इतका.

अब्बा 2016 मध्ये गेले. त्यानंतर अम्मी एकदा म्हणाली, ‘त्यांनी जे पाणी बघितलं ते मला एकदा बघायचंय.’ ती तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. मी टाळत राहिलो. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढली.

तिकिटं काढतानाच पहिली लढाई झाली. एजंट वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, सज्जा असलेली खोली गळ्यात मारत होता. जहाज हा पाण्यावर ठेवलेला झोपाळा समजा. टोकाला बसणाऱ्याला झोका मोठा, मध्ये बसणाऱ्याला लहान. उंचावर गेलात की आडवा झोकाही वाढतो. म्हणून खोली घ्यावी ती मधोमध आणि खालच्या मजल्यावर. ती स्वस्तही असते. खिडकी असली तर उत्तम, म्हणजे डोळ्याला क्षितिज दिसतं. आता मोठ्या जहाजांना डोलणं कमी करणारे पंख बसवलेले असतात, त्याचा उपयोग होतो. पण समुद्राला कुणी पूर्ण गप्प केलेलं नाही.

दुसरी अडचण गोळीची. गाडी लागू नये म्हणून आपण घेतो त्या प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनच्या गोळ्या बोटीलाही चालतात, पण त्या निघण्याआधी तास-दोन तास घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, मग पोटातली गोळी पोटातच राहते, नाहीतर बाहेर येते. उलटीसाठी डॉक्टर हल्ली सर्रास देतात ती ऑनडॅनसेट्रॉनची गोळी या प्रकारात फारशी चालत नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन देऊच नये. वृद्धांना आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. अम्मीला काचबिंदू आहे. आमच्या डॉक्टरांनी मान हलवली, ‘आईंना या गोळ्या नकोत. तुम्ही मात्र घ्या.’

आता ही बाई गोळीशिवाय चार रात्री कशा काढणार, या काळजीत मी होतो. तिनं पिशवीत कुरमुरे, भाजलेले चणे, आलेपाक आणि खजूर भरले. आल्यानं काहींना बरं वाटतं, काहींना नाही; अभ्यासांचे निष्कर्षही दोन्हीकडचे आहेत. पण आलेपाक खाऊन वाईट कुणाचं झालं? मनगटाला बांधायचे पट्टे मिळतात, त्यांच्या बाजूचा पुरावा त्याहून लंगडा.

जहाज संध्याकाळी सुटलं. अम्मीनं रात्री थोडाच भात खाल्ला, तोही कोरडा. तळलेलं काही नाही, चहा नाही. मग डेकवर खुर्ची घेऊन, डोकं मागं टेकवून, जिथं आकाश आणि पाणी मिळतं तिथं नजर लावून बसली. तासाभरानं खाली येऊन उताणी झोपली, डोळे मिटून, डोक्याखाली घट्ट उशी. मी विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ ती म्हणाली, ‘कोण सांगणार? तुझ्या अब्बांनी.’

तिला सगळं माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. बादली माहीत होती, तीन दिवस माहीत होते, रिकाम्या पोटी जास्त लागते म्हणून खिशात चणे ठेवायचे हेही माहीत होतं. प्रत्येक खेपेला ते चणे तीच भाजून देत होती. ‘मग आम्हाला कधी बोलली नाहीस?’ तर म्हणाली, ‘त्यांनी सांगितलं नव्हतं, मी कशी सांगू?’

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा वाढला. मी सकाळपासून उत्साहात होतो. बुफेमध्ये तिन्ही प्रकारची बिर्याणी चाखून झाली होती, आणि गोळी? ती बॅगेतच होती. चारच्या सुमाराला जांभया सुरू झाल्या. जांभया हा पहिला निरोप असतो, तेव्हाच उठून मोकळ्या हवेत जावं. मी मोबाइलवर मजकूर लिहीत बसलो. त्यानंतरचं वर्णन रविवारी सकाळी करू नये.

अम्मीनं मला भिंतीच्या आधारानं डेकवर नेलं. ‘खाली बघू नकोस, लांब बघ.’ शेजारी एका गृहस्थांची तीच अवस्था होती, तिकडे बघू दिलं नाही. दुसऱ्याचं बघून आपलं वाढतं. उलटी थांबल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, एकदम नाही. तासाभरानं दोन कुरमुरे, मग चार. जहाजावर डॉक्टर होते, त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि मी झोपलो. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, वृद्ध माणूस असेल, तर लाज न बाळगता त्यांच्याकडे जावं. त्यांना रोज अशी दहा माणसं भेटतात.

तिसऱ्या दिवशी मला बरंच बरं वाटलं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जहाजाशी जमवून घेतं.

त्या दिवशी अम्मी एका तरुण कर्मचाऱ्याला विचारत होती, ‘बाळा, इंजिन कुठं असतं?’ प्रवाशांना तिथं जाऊ देत नाहीत. तरी त्यानं आम्हाला अगदी खालच्या मजल्यावर एका बंद लोखंडी दरवाजापर्यंत नेलं आणि म्हणाला, ‘ह्याच्या खाली, आजी.’ दरवाजाच्या फटीतून गरम हवा येत होती, तेलाचा वास येत होता, पायांखालची जमीन थरथरत होती. खिडकी नव्हती, क्षितिज नव्हतं. अम्मी दरवाजावर हात ठेवून उभी राहिली. मला तिथं पाच मिनिटंही थांबवेना. मी जिना चढून वर, मोकळ्या हवेत निघून आलो.