रजेवर निघालेला जवान

महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या लष्कराला जवान दिले. मात्र तेथला जवान ऐन हिवाळ्यात काश्मीरहून रजेवर निघतो, तेव्हा मंजुरीचा हुकूम खिशात असूनही त्याचा प्रवास सर्वस्वी हवामानाच्या स्वाधीन असतो. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची झोजी ला खिंड हिमवृष्टीने बंद झाली, की लडाखमधील जवानाला विमानाखेरीज मार्ग उरत नाही. श्रीनगरहून निघालेल्याला पीरपंजाल ओलांडावा लागतो. १९५६ साली खुल्या झालेल्या जवाहर बोगद्यामुळे बनिहालचा माथा टळला खरा, तथापि आपल्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरड यावी तसे तेथे बर्फाचे कडे कोसळतात आणि लष्करी ताफे जागच्या जागी खोळंबतात. रस्ता मोकळा झाल्यावर चाकांना लोखंडी साखळ्या जखडून, खालच्या गिअरवर, ब्रेकला शक्यतो पाय न लावता चालक गाडी उतरवितो. कारण गोठलेल्या थरावर ब्रेक एकदम दाबला, तर चाके अडकून गाडी दरीकडे घसरते. त्या चालकांचे कौशल्य आपण पुरेसे जाणत नाही, असे मला मनापासून वाटते. जम्मूला आगगाडी मिळाली, की पुढे मुंबई आणि तेथून महाडची एस.टी.