कंपवात, आनुवंशिकता आणि आपले कर्तव्य
(रोहे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. तथापि घरच्या एका अनुभवाने मला या विषयाकडे वळविले. माझ्या वडील बंधूंचा उजवा हात थरथरू लागला, त्या वेळी पुतणीचे लग्न ठरावयाचे होते. पाहुणे आले की दादा तो हात उपरण्याखाली झाकून बसत. आम्हीही तेच इष्ट मानले. परिणामी उपचारास तीन वर्षे विलंब झाला.

ज्यास आपण कंपवात म्हणतो, त्या रोगाचे वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी यात हळूहळू मरतात. बहुतेकांस हा रोग वंशपरंपरेने होत नाही. थोड्या घराण्यांत मात्र जनुकातील दोष कारण ठरतो. असा एक दोष १९९७ साली एका इटालियन घराण्यात सापडला. १९९८ साली जपानात सापडलेला दुसरा दोष आई आणि बाप या दोघांकडून आला तरच रोग होतो. म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

जिवंत माणसाचा मेंदू उघडून या पेशी का मरतात हे पाहता येत नाही, आणि कंप दिसू लागतो तोवर पुष्कळ पेशी नष्ट झालेल्या असतात. करपलेले भातशेत पाहून रोगाचा आरंभ कळत नाही. त्याच बियाण्याचे रोप वाफ्यात रुजवून पहिल्या दिवसापासून न्याहाळावे लागते. जपानच्या शिन्या यामानाका यांनी असाच मार्ग खुला केला. २००६ साली उंदराच्या व २००७ साली मानवाच्या त्वचेतील पेशी त्यांनी मूळ पेशींच्या अवस्थेत परत नेल्या. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता रुग्णाच्या त्वचेच्या तुकड्यापासून त्याच्याच मज्जापेशी काचपात्रात वाढविता येतात आणि घराण्याचा दोष त्यांत जसाच्या तसा उतरतो. एका रुग्णाच्या अंगी एका जनुकाच्या जादा प्रती होत्या. त्याच्या अशा पेशी एक विशिष्ट प्रथिन दुप्पट निर्माण करतात, असे २०११ साली दिसून आले.

हे अभ्यासाचे साधन आहे, हे ध्यानी असावे. मूळ पेशी टोचून कंपवात हटविण्याच्या जाहिरातींस भुलून कोणी जमीन विकू नये.

मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा व सहकाऱ्यांनी पाहणी करून १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : दर लाखास सुमारे ३२८ रुग्ण. तेथील कुटुंबांनी दारे उघडली म्हणूनच हा आकडा जगास कळला.

आपणही कंप झाकू नये. डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारल्यास खरा सांगावा. मान्यताप्राप्त संस्थेने रीतसर संमती घेऊन नमुना मागितल्यास विचारपूर्वक द्यावा. आणि सासऱ्याचा हात थरथरतो एवढ्यावरून कोणी स्थळ मोडू नये.

दादा आज हयात नाहीत. ते उपरणे आम्ही वेळीच दूर केले असते, तर त्यांची ती तीन वर्षे सुखाची गेली असती.