सहीनंतरचा हिशेब



या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, प्रवास असे रसाळ विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. फलकावर ‘विकसन कराराची वार्षिक तपासणी’ ही अक्षरे वाचून, हे काय नगरपालिकेचे टिपण वाचून दाखवणार की काय, अशी शंका काहींना आली असेल. शंका अगदीच निराधार नाही. मी बोलणार आहे ते एका कायद्याच्या एका कलमाविषयी, आणि तो कायदा आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा.

‘विकसन करारनामा’ हा शब्द आपल्याला नवा नाही. जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की सोसायटी आणि बिल्डर यांच्यात तो होतो. कॅलिफोर्नियात जो करार होतो त्यात दुसरा पक्ष सोसायटी नसते, खुद्द शहर असते. हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो.

ऑरेंज काउंटी या भागात एका मोठ्या बिल्डर कंपनीने जमीन सपाट केली, गटारे, रस्ते केले, वीस लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. इमारतीचे परवाने मात्र अजून हातात पडले नव्हते. तेवढ्यात समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणासाठी नवा कायदा आला आणि त्याखालीही परवानगी घ्या, असे कंपनीला सांगण्यात आले. कंपनी कोर्टात गेली. १९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बांधकामाचा परवाना हाती आल्याशिवाय आणि त्यावर विसंबून काम केल्याशिवाय जुन्या नियमांवर हक्क सांगता येत नाही. हा ॲव्हको खटला. बिल्डरमंडळींत खळबळ उडाली, आणि १९७९ साली राज्याने नवा कायदा केला. शहराने बिल्डरशी करार करावा; करार झाला त्या दिवशी जे नियम असतील तेच त्या प्रकल्पाला पुढेही लागू राहावेत; शहराने मधेच नियम बदलून त्याला अडवू नये.

बिल्डरला मिळाले ते हे, आणि ते फार मोठे आहे. शहर पुढची दहा-वीस वर्षे आपले हात बांधून घेते. साहजिकच शहरे त्याबदली मागू लागली : बाग द्या, रस्ता रुंद करा, काही घरे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवा, वस्तीतल्या माणसांना काम द्या. करार ठरावाने नव्हे तर रीतसर शहर-कायद्याने मंजूर व्हावा लागतो; लोकांना हवे तर सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागता येते; आणि सही झाल्यावर दहा दिवसांच्या आत तो जमिनीच्या दफ्तरात नोंदवावा लागतो, म्हणजे पुढे जमीन विकत घेणाऱ्यावरही तो बंधनकारक राहतो.

आता ते कलम. बारा महिन्यांतून निदान एकदा कराराची तपासणी झालीच पाहिजे, आणि त्या वेळी बिल्डरने, किंवा त्याच्या जागी जो आला असेल त्याने, आपण कराराचे प्रामाणिकपणे पालन केले आहे हे दाखवून दिले पाहिजे. सिद्ध कोणी करायचे? बिल्डरने. नागरिकाने तक्रार करायची, कागद मिळवायचे, वर्षानुवर्षे खेटे घालायचे आणि समोरच्याने ‘सिद्ध करा’ म्हणून हात झटकायचे, हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. या कलमाने ते ओझे उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवले. पंचवीस-तीस वर्षे मालकांशी करार करण्यात गेलेल्या माणसाला ही ओळ वाचून काय वाटले असेल, ते आपण समजू शकाल.

पण कलम तिथे संपत नाही. बिल्डरने प्रामाणिकपणे पालन केले नाही असे भरीव पुराव्यावरून शहराला आढळले, तर शहर करार रद्द करू ‘शकते’ किंवा त्यात बदल करू ‘शकते’. तपासणी ‘झालीच पाहिजे’, कारवाई मात्र ‘करता येते’. इंग्रजीतल्या ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन लहान शब्दांतले अंतर आम्ही युनियनवाले शाळेत शिकलो नाही, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर शिकलो. ते अंतर कधीकधी एका पिढीएवढे असते.

प्रत्यक्षात काय होते? बिल्डर शहराला एक पत्र पाठवतो. नियोजन खात्याचा अधिकारी त्यावरून तक्ता करतो. डाव्या बाजूला कराराची अट, उजव्या बाजूला शेरा. ‘पालन झाले’, ‘पालन चालू’, ‘मुदत अजून आलेली नाही’. हा तिसरा शेरा मोठा गमतीचा आहे. बाग इमारतीच्या तिसऱ्या टप्प्यानंतर व्हायची असेल आणि तिसरा टप्पा कधी सुरूच होणार नसेल, तर बागेची मुदत कधीच येत नाही, आणि वर्षामागून वर्ष तक्ता स्वच्छ राहतो! हा तक्ता नियोजन समितीपुढे किंवा नगरसभेपुढे जातो. पुष्कळदा तो बिनचर्चेच्या विषयांच्या यादीत घातलेला असतो. मागच्या सभेचे इतिवृत्त, पाइपांची खरेदी आणि ही तपासणी एकाच हात वर करण्यात मंजूर. नागरिकाला बोलायची मुभा असते, दोन-तीन मिनिटे. सभागृहातल्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात.

मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही. ज्याच्यापुढे बिल्डरने दिलेलाच कागद आहे, तो त्या कागदाबाहेरचे काय लिहिणार? आमच्या क्षेत्रातही असेच असते. वेतनकरारावर सही होते त्या संध्याकाळी गेटवर गुलाल उडतो, पेढे वाटले जातात. पुढच्या महिन्यात पगारपत्रक हातात आले की कळते, महागाई भत्ता जुन्याच दराने लावलेला आहे, किंवा रात्रपाळीचा भत्ता ‘हिशेबात बसत नाही’. मालक मुद्दाम करतो असेही नाही. कारकून जुन्या तक्त्यावरून उतरवतो. पण ते सापडते कोणाला? खात्यातल्या त्या एका माणसाला, जो दर महिन्याला पाकीट उघडून वहीत मांडतो. करार तो माणूस पाळवून घेतो, पुढारी नव्हे.

लॉस एंजेलिस शहरात २००१ साली हेच घडवण्याचा प्रयत्न झाला. स्टेपल्स सेंटर नावाचे भव्य क्रीडागृह तिथे १९९९ साली उघडले होते. त्याच्या शेजारी हॉटेले, नाट्यगृहे, दुकाने, घरे असा दुसरा पसारा उभारायचा होता. पहिल्या वेळचा अनुभव शेजारच्या गरीब वस्तीने घेतला होता : गाड्यांची गर्दी, भाडेवाढ, घरे सोडण्याची पाळी. म्हणून या वेळी वस्तीतल्या संस्था आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी बिल्डरशी स्वतःचा वेगळा करार केला. सत्तर टक्के नोकऱ्या निर्वाह-वेतनाच्या असाव्यात, वीस टक्के घरे परवडणाऱ्या दराची असावीत, नोकरभरतीत वस्तीतल्या माणसांना आधी कळवावे, बागांसाठी दहा लाख डॉलर. हा करार पुढे शहराच्या करारालाही जोडला गेला. आणि सत्तर टक्क्यांचे काय झाले याचा अहवाल बिल्डरने दर वर्षी द्यावा, असे त्यात लिहून घेतले. सत्तर टक्के हे ‘उद्दिष्ट’ होते, सक्ती नव्हती, हे त्यातले वैगुण्य मी झाकून ठेवत नाही. तथापि आकडा द्यावा लागतो तेव्हा कोणीतरी तो मोजावा लागतो, आणि मोजलेला आकडा लपवायला जरा जड जाते.

याउलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाची कथा. ती कॅलिफोर्नियाची नव्हे; तिथे तो कायदाही नाही, आणि प्रकल्प शहराच्या नव्हे तर राज्याच्या विकास महामंडळाच्या हाताखाली होता. पण सहीनंतर हिशेब ठेवणारा नसला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

रेल्वेच्या यार्डावर आणि आजूबाजूच्या बावीस एकरांवर एक क्रीडागृह आणि घरे बांधण्याची योजना २००३ साली जाहीर झाली; पुढे घरांचा आकडा ६,४३० ठरला. त्यांतली २,२५० घरे परवडणाऱ्या भाड्याची. २००५ साली आठ संस्थांनी बिल्डरशी वस्तीहिताचा करार केला. मोठा समारंभ झाला. करारात नोकऱ्या होत्या, प्रशिक्षण होते, आणि कराराचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी एक स्वतंत्र तपासनीस नेमण्याची अटही होती. सह्या करणाऱ्यांतल्या काही संस्थांना मात्र बिल्डरकडूनच पैसा मिळत होता. तो तपासनीस कधीही नेमला गेला नाही. क्रीडागृह २०१२ साली उघडले. २०१० साली वस्तीतल्या ३६ जणांना बांधकामाचे प्रशिक्षण देण्यात आले. शिक्षण संपले की बांधकाम युनियनचे सभासदपत्र आणि काम मिळेल असे आश्वासन होते, ते पाळले गेले नाही, म्हणून त्यांतल्या काहींनी २०११ साली कोर्टात दावा लावला, आणि काही वर्षांनी तो तडजोडीने मिटला. कराराच्या जोरावर नव्हे, कोर्टाच्या जोरावर.

घरे तर पुढे पुढेच ढकलली जात होती. अखेर नागरिकांच्या आघाडीने घरांतल्या भेदभावाच्या कायद्याखाली दावा करण्याची तयारी केली, तेव्हा २०१४ साली राज्याने आणि बिल्डरने नवी तारीख कबूल केली : सर्व २,२५० घरे ३१ मे २०२५ पर्यंत, राहिलेल्या प्रत्येक घरामागे दरमहा दोन हजार डॉलर दंड. तारीख लिहिलेली, रक्कम लिहिलेली. आमच्या भाषेत सांगायचे तर पक्का करार. ३१ मे २०२५ हा दिवस आला तेव्हा ८७६ घरे बांधायची राहिली होती. गुणाकार करा : महिन्याला सतरा लाख बावन्न हजार डॉलर. महामंडळाने त्या दिवशी वसुली सुरू केली नाही. नव्या बिल्डरांशी बोलणी चालू आहेत, असे सांगण्यात आले. मधल्या काळात मूळ बिल्डर बाजूला झाला होता, त्याच्या जागी आलेली कंपनी कर्ज फेडू शकत नव्हती. ८७६ घरांची वाट पाहणारी कुटुंबे बोलण्यांच्या टेबलाशी नव्हती.

म्हणून मला कॅलिफोर्नियाच्या कलमाचे मोल वाटते, आणि म्हणूनच त्याची मर्यादाही दिसते. बारा महिन्यांची तारीख लोकांना एक दिवस देते. त्या दिवशी तीन मिनिटांत काय विचारायचे, ते आधी ठरलेले असले पाहिजे. ‘मुदत अजून आलेली नाही’ असे लिहिले आहे, ती मुदत कोणत्या महिन्यात येते? नोकऱ्यांचा आकडा कंपनीने सांगितला की कोणी मोजला? घरे भाड्याने दिली म्हणता, भाडे किती? हा विषय बिनचर्चेच्या यादीतून काढून वेगळा घ्यावा, ही पहिली मागणी. एवढे प्रश्न इतिवृत्तात आले तरी पुढच्या वर्षी त्यांचे उत्तर द्यावे लागते, कारण सिद्ध करायचे आहे बिल्डरला, आणि भरीव पुरावा त्या इतिवृत्तातच साठत जातो.

सभेपूर्वी चालकांपैकी एकांनी मला विचारले, हे आपल्या सोसायटीच्या करारात घालता येईल काय? वकिलाला विचारा, असे मी म्हणालो, पण अडचण दिसत नाही. आपल्याकडे रेरा कायद्याखाली बिल्डरने दर तिमाहीला प्रकल्पाची प्रगती जाहीर करायची असते. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी ‘७९ अ’खालच्या आदेशात प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक हमीची तरतूद आहे. त्या जोडीला एक अट घालावी : दर वर्षी सर्वसाधारण सभेपुढे बिल्डरने स्वतः येऊन कलमवार सांगावे, काय झाले, काय राहिले, आणि राहिलेल्याची तारीख. सभासदांतल्या दोघांनी महिन्यातून एकदा जागेवर जाऊन वहीत लिहावे. भाड्याचे धनादेश कोणत्या तारखेला आले, कितव्या मजल्याचा स्लॅब पडला, लिफ्टच्या कंपनीचे नाव करारातलेच आहे ना. ती वही सभेला बरोबर आणावी.