न सांगण्यासारखं दुखणं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्य सप्ताहात ‘बी’ विंगमधील आपल्या बाईंनी गच्चीवर केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

नोटीस बोर्डावर माझ्या भाषणाचा विषय ‘पचनाचे आरोग्य’ असा लागला आहे. मी चिठ्ठीवर लिहून दिला होता तो शब्द ‘फिशर’. म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. लिफ्टशेजारी असला शब्द कसा लावायचा, असं कमिटीला वाटलं असणार. मी दोष देत नाही. मी स्वतः अकरा महिने हे दुखणं घरात कुणाला सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. एका खोलीत राहून!

आपल्यातले बरेच जण चाळीतून इथे आलो. पंचवीस वर्षांपूर्वी किल्ली हातात मिळाली तेव्हा सगळे हॉल बघत होते, बाल्कनी बघत होते. मी आधी संडासाचं दार उघडून बघितलं. आतून कडी लागते ना, नळाला पाणी येतं ना. चाळीत सगळ्या मजल्याला मिळून चार संडास, त्यातल्या एकाचं दार मोडलेलं. बादली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मागचा माणूस खाकरला की आटोपतं घ्यायचं. पुढे शाळेत लागले. सकाळी सातला भरणारी शाळा, शिक्षिकांच्या संडासात पाणी कधी असायचं, कधी नसायचं. मग आम्ही सगळ्याजणी काय करायचो? पाणीच प्यायचो नाही. आणि आलेली कळ दाबून धरायची. तीस वर्षं हेच केलं आणि त्याला शिस्त समजत होते.

दाबून धरलं की कळ निघून जाते, पण मळ तिथेच राहतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. त्यात निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझं रक्त कमी निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जोडीला कॅल्शियम. या दोन्हींनी बद्धकोष्ठ होऊ शकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सकाळी काचेनं चिरावं तसं झालं. लालभडक रक्त. त्या क्षणाचं दुखणं मी सोसलं असतं हो, पण नंतर दोन-तीन तास आतून पिळवटल्यासारखं व्हायचं. वर्गात बसवेना. वर्षभर उभ्यानं शिकवलं. मुलं म्हणायची, बाई किती उत्साही!

मग भीती बसली. उद्या पुन्हा तसंच होणार, म्हणून आज जायचंच नाही. जायला लागू नये म्हणून जेवणच कमी. भाकरी सोडली, भाजी सोडली, नुसता मऊ वरणभात. हे अगदी उलटं होतं. पोटात चोथा गेला नाही की मळ थोडा आणि घट्ट होतो, पुन्हा चीर पडते, पुन्हा भीती. मी माझ्या हातानं ते चाक फिरवत होते.

औषध काय, तर मेडिकलवाल्याला पाठमोरी उभी राहून ‘मूळव्याधीचं मलम द्या’ म्हणायचं. आपल्याकडे त्या जागी काहीही झालं तरी ती मूळव्याधच. मूळव्याधीत तिथल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात, रक्त जातं, पण बऱ्याचदा फारसं दुखत नाही. फिशरमध्ये कातडी फाटलेली असते आणि जीव जातो. जुन्या फिशरच्या तोंडाशी कातडीचा छोटा मोडही येतो, म्हणून माणूस आणखीच फसतो.

आता एक सांगते, ते सांगू का नको असा विचार चार दिवस करत होते. त्या वर्षी गणपतीत माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी एकाच स्वयंपाकघरात मोदक वळत होतो. मी ओट्याशी उभी, त्या भिंतीला टेकून. त्या म्हणाल्या, “बस की गं.” मी म्हटलं, पाठ दुखते. मी म्हटलं, “तुम्ही तरी बसा.” त्या म्हणाल्या, “माझीही पाठच दुखते.” आम्ही दोघी खोटं बोलत होतो. त्यांना वर्षभर रक्त जात होतं, मळात मिसळलेलं, काळपट. वजनही उतरलं होतं. त्या मूळव्याध समजून कसलासा लेप लावत होत्या. दिवाळीनंतर कळलं, गुदाशयाचा कर्करोग. पुढची होळी त्यांनी बघितली नाही. मी माझं सांगितलं असतं तर त्याही बोलल्या असत्या का, माहीत नाही.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले. बाई डॉक्टर होत्या. कुशीवर झोपायला सांगितलं, बघितलं, दोन मिनिटांत झालं. फार दुखत होतं म्हणून आतली तपासणी त्यांनी पुढे ढकलली, पण माझं वय आणि कमी झालेलं रक्त ऐकून ‘दुखणं उतरलं की दुर्बिणीची तपासणी करायचीच’ असंही बजावलं. ती नंतर झाली, निर्धोक निघाली. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गुदद्वाराला दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात, आतला नाही. चीर पडली की आतला स्नायू आवळून धरतो. आवळला की तिथलं रक्त कमी होतं, आणि रक्त पोचलं नाही तर जखम भरणार कशी? सहा-आठ आठवड्यांच्या वर राहिली की ती जुनाट म्हणायची. माझी अकरा महिन्यांची. म्हणाल्या, “दोनच कामं आहेत. मळ मऊ ठेवायचा आणि तो स्नायू सैल करायचा. बहुतेक सगळं घरीच.”

स्नायूसाठी शेकाचं पाणी. नातवाला आंघोळ घालायचा पसरट टब होता, तो मी काढून घेतला. त्यात कोमट पाणी, बाळाच्या पाण्यासारखं कोपर बुडवून बघायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं बसायचं. शौचानंतर एकदा, शिवाय दिवसातून एक-दोनदा. त्यात मीठ नको, डेटॉल नको, तुरटी नको. मी पहिल्या दिवशी झाकणभर डेटॉल टाकलं आणि किंचाळले. नंतर मऊ कापडानं टिपायचं, घासायचं नाही. साबण तिथे लावायचा नाही. ते हल्लीचे फवारे आहेत ना, त्यांचा जोर कमी ठेवायचा.

स्नायू सैल करणारं मलमही त्यांनी लिहून दिलं होतं. दिवसातून दोनदा, आठ आठवडे. या मलमांचे प्रकार आहेत, एकानं डोकं भयंकर दुखतं, काही हृदयाच्या आणि इतर गोळ्यांबरोबर चालत नाही. तेव्हा माझं नाव विचारायला येऊ नका, तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आणि मेडिकलमधून आपणच आणलेलं स्टिरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावू नका, कातडी पातळ होते.

आता खाणं. हा माझा प्रांत. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जायला हवा, पण ग्रॅम कोण मोजत बसणार? मी मोजलं ते असं: कणीक चाळायची बंद केली. रात्री ज्वारीची भाकरी परत आणली. दोन्ही वेळा पालेभाजी नाहीतर दुधी, भोपळा, गवार असं काहीतरी, आणि ताटात वाढतात तशी चमचाभर नाही, वाटीभर. मुगाची, मटकीची उसळ. पेरू, पपई, पिकलेलं केळं. रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका. जवसाची चटणी, पण तिखट कमी घालून. सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. मी उत्साहाच्या भरात दोन वाट्या मटकी खाल्ली आणि दिवसभर पोटाचा नगारा. आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर उलटंच होतं. ज्यांना हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी तांब्या जवळ ठेवावा. इसबगोलचंही तेच. मी पहिले आठ दिवस दोन घोटांबरोबर गिळत होते, ते पोटात खळीसारखं बसलं. एक चमचा इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, फुगायच्या आत प्यायचं, वर आणखी एक ग्लास. पुढे दोन चमचे. थायरॉइडच्या, साखरेच्या, कसल्याही गोळ्या असल्या तर दोन तास अंतर ठेवायचं. गिळायला त्रास होतो अशा आजी-आजोबांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मिरची. आमच्या ह्यांचं गाव कोल्हापूरकडचं, काय सांगू. जिथून आत जाते तिथे तिखट लागतं, तसंच बाहेर पडतानाही लागतं. दोन महिने मी फोडणीआधी माझी भाजी बाजूला काढत होते. ह्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, “हे काय नवीन?” तेव्हा ह्यांना सगळं सांगितलं. ते गप्प बसले आणि संध्याकाळी बाजारातून पेरू घेऊन आले, दोन किलो.

एरंडेल घेऊ का, सोनामुखीचं चूर्ण घेऊ का, असं तुम्ही विचाराल. नको. जुलाबासारखं झालं तरी जखम चुरचुरते आणि उघडते. पिकलेल्या केळ्याइतकं मऊ, बस. लोहाच्या गोळ्याही मी आपण होऊन बंद केल्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी प्रकार बदलून दिला.

बसायची पद्धत. सकाळी चहा-नाश्ता झाला की आतडं आपोआप हलतं, ती वेळ साधायची. कळ आली की उठायचं, कुकरची तिसरी शिट्टी थांबेल. कुंथायचं नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. आपल्या इमारतीत आता निम्म्या घरांत कमोड बसले, गुडघ्यांसाठी ते बरोबरच आहे. पण पायाखाली देव्हाऱ्यासमोरचा नको, दुसरा एखादा पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते. आणि मोबाईल बाहेर ठेवा. ‘ए’ विंगमधले काही काका अख्खं वर्तमानपत्र आत वाचतात, हे त्यांच्या घरूनच कळलंय.

तिसऱ्या आठवड्यात मला उतार पडला. चौथ्यात दुखणं गेलं. मी म्हटलं, बरी झाले! टब नातवाला परत दिला, मलम कपाटात, इसबगोल बंद. आणि आलं नवरात्र. नऊ दिवस साबुदाणा, बटाटा, चहा. सहाव्या दिवशी पहिल्या सकाळचंच सगळं पुन्हा. त्या दिवशी मी रडले. डॉक्टर म्हणाल्या, दुखणं आधी जातं, जखम नंतर भरते, आणि वरून भरलेली कातडी कितीतरी दिवस नाजूक असते. पुन्हा पहिल्या दिवसापासून. या वेळी बरं वाटल्यावरही दोन महिने सगळं चालू ठेवलं, आणि चोथा-पाणी तर आजतागायत. उपवास सोडले नाहीत. साबुदाण्याऐवजी राजगिरा, रताळं, काकडीची कोशिंबीर, फळं. देवीची काही हरकत दिसली नाही.

एवढं करूनही आठ-दहा आठवड्यांत भरलं नाही तर शस्त्रक्रिया असते, आतल्या स्नायूला थोडासा छेद देतात. बहुतेक जण त्यानं बरे होतात, थोड्यांना वायू धरून ठेवायला त्रास होतो, तेव्हा डॉक्टरांशी नीट बोलून ठरवावं. ‘एका दिवसात मुळासकट’ अशा भिंतीवरच्या पाट्यांमागे जाऊ नका.

आणि घरी काय करायचं नाही, ते माझ्या जाऊबाईंकडून ऐका. रक्त काळपट असेल किंवा मळात मिसळलेलं असेल, वजन उतरत असेल, पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, ताप येऊन तिथे सूज किंवा पू असेल, तर टबही नको आणि इसबगोलही नको, आधी डॉक्टर. आणि साधं लाल रक्त असलं तरी पहिल्यांदा एकदा दाखवून घ्याच. नाव डॉक्टरांनी ठेवू दे, मेडिकलवाल्यानं नको.

शेवटचं, कमिटीसाठी. सेक्रेटरी समोरच बसलेत म्हणून बरं. पंपरूमच्या मागे वॉचमनसाठी संडास बांधला होता. गेली दोन वर्षं तिथे सायकली आणि रंगाचे डबे आहेत आणि दाराला कुलूप. आपले वॉचमन बारा-बारा तास गेटवर असतात, आपल्या घरी काम करणाऱ्या बायका सकाळी सहाला घर सोडतात. त्या कुठे जातात, आपण कधी विचारलंय का? मी विचारलं. एक जण म्हणाली, “जात नाही बाई, पाणीच पीत नाही.” त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं आज कळलं तर मी उद्या सकाळी फिनेल आणि झाडू घेऊन येते.

ज्यांना इथे सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी माझ्या घरी यावं. पुरुषांना ह्यांच्याशी बोलता येईल, ह्यांना आता सगळं पाठ झालंय.