आचरणाचा धडा

(मठाच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त चलथाण येथे दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या एका सामान्य शिक्षकास दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मुलांच्या सहवासात जे शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या चलथाणवरून जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून खानदेशात अमळनेरला पोहोचतो. ऊसतोडणीच्या हंगामात त्याच मुलखातून कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह या भागात येतात. त्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. साने गुरुजींनी शिक्षेचा मार्ग धरला नाही. ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे आवरून ठेवीत, मुलांनी टाकलेले मळके कपडे धूत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. हळूहळू मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. या मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. १९३० साली देशाची हाक येताच त्यांनी नोकरी सोडली व सत्याग्रहात उडी घेऊन कारावास पत्करला. जे वर्गात सांगितले, त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. म्हणून त्यांचा शब्द विद्यार्थ्यांच्या अंतःकरणात रुजला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती गौरवाची नाही. एका शाळेत मी नोकरीस असताना तपासणी व्हावयाची होती. पटावरील उपस्थिती कमी दिसू नये म्हणून, गैरहजर असलेल्या काही मुलांपुढे मी हजेरी मांडली. शेजारी उभा असलेला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, ही मुले तर आज आलीच नाहीत.” मी म्हणालो, “राहू दे.” पुढे महिन्याभराने परीक्षेत तोच मुलगा शेजाऱ्याचे पाहून लिहिताना सापडला. मी रागावलो, तेव्हा तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “राहू द्या ना, सर.”

माझेच शब्द माझ्याकडे परत आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे जाऊन मी खोट्या हजेरीची कबुली दिली, आणि वर्गात मुलांनाही ते सांगितले. मला लेखी जाब द्यावा लागला. सहकाऱ्यांत नाचक्कीही झाली. पुढच्या परीक्षेत त्या मुलाची उत्तरपत्रिका अर्धी कोरी होती. तो अनुत्तीर्ण झाला. पण जे लिहिले होते, ते त्याचे स्वतःचे होते. त्या वर्षी मी शिकवलेल्या पाठांपैकी तेवढा एकच पाठ त्याला खरोखर कळला, असे मला वाटते.

सज्जनहो, ही जबाबदारी एकट्या शिक्षकाची नव्हे. आगगाडीत अर्धे तिकीट काढण्यासाठी आपण मुलाचे वय त्याच्यादेखत कमी सांगतो. दाराशी कोणी आले की “बाबा घरी नाहीत म्हणून सांग,” असे त्याच्याच तोंडून वदवतो. मग सायंकाळी त्याला देवापुढे बसवून सत्याचे महत्त्व सांगतो. मूल ऐकते एक आणि पाहते दुसरे. उद्या मोठेपणी व्यवसाय निवडताना, पैसा हाताळताना, संगत धरताना त्याला आपले बोलणे आठवणार नाही. आपले वागणे आठवेल.

चूक कोणाच्याही हातून होते. ती मुलांपासून लपविण्यापेक्षा त्यांच्यासमोर सुधारावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे. त्यासाठी लागणारे बळ आपणां सर्वांस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.