चाकांवरच्या मुलांचे म्हणणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचा गौरव व्हावा, ही आपली अपेक्षा रास्त आहे. परंतु आज आम्ही मांडणार आहोत तो विषय मंडळाच्या दारच्या पायऱ्यांवर रोज सायंकाळी खडखडत असे. चाकांच्या फळीवर उभी राहून पायऱ्यांच्या कडेवरून घसरणारी आणि लहान चाकांच्या बीएमएक्स सायकली उडवणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. बहुतेकांनी त्यांना रागेही भरले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तेथे ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लावली. मुले शंभर पावले पुढे गेली आणि भर रस्त्यावर मोटारींच्या मधून खेळू लागली. त्यांतील एकाचा हात मोडला, तेव्हा आम्हांला आमच्याच अक्षरातल्या त्या पाटीकडे पाहवेना.

या मुलांसाठी शहरात एखादी सोयीची जागा व्हावी, असे निवेदन महानगरपालिकेस द्यावे असा विचार आता पुढे आला आहे. विचार उत्तम. मात्र मसुदा करावयास बसलेल्या पाच जणांत साठीच्या आतला एकही नव्हता, आणि त्या फळीवर उभे राहण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी स्वप्नातही केलेले नाही.

लोकांना विचारून कारभार करण्याची रीत म्हैसूरला नवी नाही. दिवाण रंगाचार्लु यांच्या पुढाकाराने १८८१ साली येथे प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली. संस्थानी हिंदुस्थानात हे अपूर्वच होते, आणि आपल्या टाउन हॉलला त्यांचे नाव आहे ते उगाच नव्हे. तथापि त्या पहिल्या सभेत बसले ते मुख्यतः जमीनदार आणि व्यापारी. गाऱ्हाणे मांडण्याची मुभा होती, निर्णयाचा अधिकार नव्हता. आजही वॉर्डातील क्षेत्रसभा असते ती मतदारांची. बारा वर्षांच्या मुलाला तेथे स्थान कोठून असणार? वस्तुतः मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घेतले जावे, असे बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात म्हटले आहे आणि १९९२ साली भारताने तो मान्य केला आहे. आणि या खेळात मुले खरोखरच मुले असतात. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, स्केटबोर्डचे सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने मिळवले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

न विचारता चांगले करू गेल्यास काय होते, याचे एक उदाहरण लंडनचे आहे. थेम्सकाठच्या साउथबँक कलाकेंद्राखालच्या मोकळ्या जागेत १९७०च्या दशकापासून मुले खेळत आली. ती जागा कोणी त्यांच्यासाठी बांधली नव्हती. २०१३ साली तेथे दुकाने काढण्याचे ठरले आणि मुलांना जवळच, पुलाखाली, नवी जागा देऊ करण्यात आली. मुलांनी ती नाकारली. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या आणि २०१४ साली जुनीच जागा राखण्याचा करार झाला. नवी जागा वाईट होती म्हणून नव्हे; जुन्या जागेतला उतार न् उतार, कोपरा न् कोपरा त्यांनी पडत-झडत आपलासा केला होता.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही पाटी काढली, मुलांना बोलावले आणि त्याच पायऱ्यांवर बसून दोन तास ऐकले. सुरुवातीस कोणी बोलेना. पाटी लावणाऱ्यांपुढे बोलावे तरी काय! मग एका मुलीने आम्हांला विचारले, “आजोबा, तुम्ही रस्ता झाडणार का?” फळीची चाके लहान आणि टणक असतात, चण्याएवढा खडा आला तरी फळी थबकते आणि स्वार पुढे फेकला जातो. रोज झाडणारा माणूस नसेल तर लाखो रुपयांचे काँक्रीट व्यर्थ, हे आमच्या मसुद्यात कोठेच नव्हते. दुसरे त्यांनी सांगितले पाण्याचे. मोठे खोलगट कुंड बांधावे असे आम्ही लिहिले होते. ऑक्टोबरातल्या आपल्या पावसात त्याचे तळे होईल, निचऱ्याची वाट आधी आखा, असे चौदा वर्षांचा मुलगा आम्हांला समजावून देत होता. फळीला गुळगुळीत काँक्रीट हवे, तर सायकलींच्या शर्यतीला दाबून घट्ट केलेल्या मातीचे उंचवटे. दोन्ही एकाच चौकोनात कोंबू नका, असेही त्यांनी बजावले. मुलींना नवशिक्यांसाठी एक बुटका उतार हवा होता, बघ्यांच्या कठड्यापासून दूर. मध्यप्रदेशातील जनवार गावी २०१५ साली झालेल्या स्केटपार्कमध्ये ‘आधी मुली’ हा नियमच आहे, हे त्यांना ठाऊक होते, आम्हांला नव्हते.

शेजाऱ्यांचेही म्हणणे खरे आहे. काँक्रीटवर फळी आपटली की आजारी माणसाची झोप मोडते. जागा घरांपासून दूर हवी आणि रात्री दिवे ठरल्या वेळी मालवले पाहिजेत. हे मुलांपुढे ठेवताच त्यांनी आठची वेळ स्वतःच सुचवली. आम्ही नऊ म्हणणार होतो.

पुढील रविवारी सायंकाळी चार वाजता याच सभागृहात सुधारलेला मसुदा वाचला जाईल. पहिल्या दोन रांगा मुलांसाठी राखल्या आहेत, मग ती मराठी असोत की कन्नड. ज्येष्ठांनी कृपया मागे बसावे. निवेदनावर पहिल्या सह्या मुलांच्या होतील, आणि महानगरपालिकेत ते घेऊन जाताना त्यांतील दोघे आमच्याबरोबर असतील. तोवर पायऱ्यांवरचे खडे आम्ही रोज सकाळी झाडतो आहोत. खराटा दाराआड ठेवला आहे.